पाड्यासाठीच्या स्लाइड्स

पाड्यावरच्या शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावून भर दुपारी अंधार केला होता. फळ्यावर पांढरी चादर ताणलेली, बाहेर भाड्याचा जनरेटर धडधडत होता. तृप्तीने लॅपटॉपचं बटण दाबलं आणि चादरीवर नवं गाव उमटलं. गाव कसलं, नाशिक रोडच्या तिच्याच कॉलनीचा फोटो होता तो. पाडा धरणात जाणाऱ्या या लोकांना जिथे नेऊन बसवायचं, त्या माळावर अजून एक वीटही पडली नव्हती.

या एकाच धरणाच्या स्लाइड्स ती तिसऱ्यांदा करत होती. मुंबईच्या मोठ्या साहेबांसाठी एका स्लाइडवर चारच ओळी, बँकेसाठी नुसते आलेख. पाड्यासाठी इथले साहेब म्हणाले होते, अक्षर एक नको, फोटो दाखवा. तिनेही मन लावून केलं. समोरच्याला काय पटेल ते ओळखायचं, कामच होतं तिचं.

मागच्या खेपेला सगळं बघून झाल्यावर म्हाताऱ्या नवसाबाईने एवढंच विचारलं होतं, की यात आमचा वाघदेव कुठे? त्याचा कौल मिळाल्याशिवाय या डोंगरात कोणी झोपडीसुद्धा हलवत नाही. सभा तिथेच मोडली. परतताना साहेब जीपमध्ये म्हणाले, घाला की मग तोही, दगडच तर आहे. तृप्तीने शिवेवरच्या त्या शेंदरी दगडाचा फोटो काढला आणि कॉलनीतल्या आंब्याखाली बेमालूम चिकटवला. वर त्याची सावलीही पाडली, शहाणीने!

आता चादरीवर वाघदेव दिसला. बायकांनी पदर सावरून हात जोडले. साहेबांनी हळूच संमतीचे कागद आणि स्टॅम्पपॅड टेबलावर मांडलं.  आत्ता बोलले नाही तर संपलंच, हे तृप्तीला कळलं. ती जाऊन नवसाबाईशेजारी जमिनीवर बसली.

"आजी, देव तिथे नाहीये. मीच कॉम्प्युटरवर बसवलाय त्याला."

साहेबांचा चेहरा पडला. नवसाबाईची नजर मात्र चादरीवरून हलली नाही.

"त्याच्या मनात आसल्याबिगर त्यो कुनाच्या हातानं बसत नाय, पोरी."

तृप्ती काकुळतीला येऊन सांगत राहिली, की तिथे घरं नाहीत, आंबा नाही, नुसता माळ आहे. कोणी ऐकत होतं की नाही, देव जाणे. नवसाबाई मागे वळून सगळ्यांना म्हणाली, "देव फुडं गेला. हितं आता निस्ता दगड हाय."

मग तिने तृप्तीचा उजवा हात दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला आणि अंगठा द्यायला उठली.