जिवंतपणीची श्रद्धांजली

"उद्या माझ्या चितेपुढं जे ओकणार आहेस, ते आत्ताच ओक," खाटेवर पडल्या पडल्या तुळाजी गुरगुरला.

गावातल्या प्रत्येक मयताला स्मशानात भाषण माझंच. मेलेल्याचा देवमाणूस करण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. एका कवडीचुंबकाला मी असा दानशूर केला, की त्याची बायको रडायची थांबून विचारू लागली, "मयत कुणाचं?" तुळाजीशी मात्र दूध सोसायटीच्या निवडणुकीपासून तीस वर्षांचं वैर.

मी घसा खाकरला. "तुळाजीराव म्हणजे गावावरचं आभाळ..."

"थापा नकोत, थेरड्या! एक तरी खरं सांग. नसेल तर चालता हो."

खऱ्याला माझी जीभच वळेना. शेवटी म्हणालो, "दुष्काळात मी चोरून तुझ्या विहिरीवर म्हैस पाजायचो. तू बघायचास आणि पाठ फिरवायचास. ती तुझ्यामुळं जगली."

तुळाजीनं मान माझ्याकडं वळवली.

"हलकटा, ठाऊक होतं तर इतकी वर्षं शिव्या कशाला घातल्यास?"

मी उठलो, तसं त्यानं माझं धोतर धरलं.

"बस खाली. दुसरं आठव. लवकर!"