पुठ्ठ्याची घडी

वकिलाने बाबांच्या मृत्युपत्राचा मसुदा त्यांच्यासमोरच वाचून दाखवला आणि मुलगा चक्रावलाच. जन्मभर रंधा मारून उभा केलेला सुतारकामाचा कारखाना बाबांनी हॉस्पिटलच्या नावे केला होता! “बाबा, डोकं ठिकाणावर आहे ना? आई तिथेच गेली!” “म्हणूनच. प्रत्येक खाटेजवळ पक्की खुर्ची हवी, एवढीच अट.” मुलाच्या डोक्यात काही शिरेना. आई गेली तेव्हा बाबा तिच्याजवळ नव्हतेच. मागाहून हातात पुठ्ठा घेऊन धावत आले. तो राग अजून धुमसत होता. “खुर्चीचं काय घेऊन बसलात?” तो तावातावाने पुढे सरकला, तशी त्याचीच खुर्ची डुगडुगली. “तिथलं स्टूल असंच डुगडुगायचं. आवाजाने तिची झोप मोडायची. पायाखाली सारायला पुठ्ठा शोधायला गेलो, तेवढ्यात...” बाबांनी खिशातून झिजलेली पुठ्ठ्याची घडी काढली, वाकून मुलाच्या खुर्चीखाली सरकवली. “बस आता.” खुर्ची स्थिरावली. मुलाला मात्र धड बसवेना, उठवेना.