टॉर्च धरणारा शेजारी

"हा नको, भाऊ. याचा हूक बघा. बॉनेटला अडकवला तर पहिल्याच धक्क्याला दिवा तुमच्या डोक्यात."

दयाराम मेश्रामने नापसंत केलेला हा चौथा दिवा. पहिल्याला जाळी नव्हती. दुसऱ्याची मूठ पत्र्याची, म्हणजे शॉकला आमंत्रणच. तिसऱ्याची वायर इतकी आखूड, की गाडीच दिवाणखान्यात आणावी लागली असती. जगदीश एकेक दिवा परत ठेवत होता. लखनौच्या लाटूश रोडवरचा दुकानदार मात्र कंटाळला.

"हुज़ूर, लैंप ले रहे हैं या दामाद पसंद कर रहे हैं?"

एरवी असल्या बोलण्यावर दयाराम पोट धरून हसला असता. आज हसला नाही.

निशातगंजच्या त्या गल्लीत मराठी बोलणारी दोनच घरं. एकात जगदीश, संशोधन संस्थेत नोकरीला. शेजारी टेलिफोन खात्यातला दयाराम आणि त्याची बायको नीला. बायको विनया वारल्यापासून जगदीशच्या घरात मराठी शब्द उमटत नव्हता. संस्थेत इंग्रजी, बाजारात हिंदी. घरी आमटीलासुद्धा आमटी म्हणायची सोय नव्हती, कारण स्वयंपाकाची बाई इथली. ती दाल करायची.

राहता राहिली गाडी. जुनीपुराणी, बॉनेटच्या कड्या बाहेरूनच उघडणारी आणि आठवड्यातून एकदा हमखास रुसणारी. कधी प्लगची तार सुटे, कधी कॉइलची. म्हातारी गाडी आणि लखनौचे रस्ते, दुसरं काय होणार! मग संध्याकाळी दयाराम टॉर्च धरून उभा राही आणि जगदीश इंजिनात डोकं घाली. टॉर्चचा उजेड एवढासा. बिघाड सापडेपर्यंत जेवणाची वेळ होई. तोवर नागपूरच्या उन्हाळ्यापासून साहेबाच्या नव्या चपलांपर्यंत सगळं बोलून व्हायचं. बाकीचा आठवडा जगदीश त्या एका संध्याकाळच्या आशेवर काढत असे.

अडचण होती ती नीलावहिनींची. त्या चहा घेऊन येत, इंजिनात डोकावत आणि विचारत, "आज कुठली तार होती?" उत्तर ऐकलं की कपबश्या घेऊन परत. एकदा म्हणाल्या, "आमचा ईश्वर कानपूरला शिकायला गेल्यापासून घरी तर एक शब्द बोलत नाहीत हे." जगदीशने तो टोमणा समजून गिळला. दिवसभर राबून आलेल्या माझ्या नवऱ्याला इथे कशाला उभं करता, असंच त्याला त्यात ऐकू आलं.

आणि गेल्या खेपेला दयाराम खांदा चोळताना दिसला.

जगदीशला स्वतःचीच लाज वाटली. आपण एकटे म्हणून दुसऱ्याचा संसार वेठीला धरायचा का? सोबत गेली तर गेली. बॉनेटला अडकवायचा दिवा घ्यायचाच, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

पाचव्या दिव्यात मात्र खोट निघेना. रबरी मूठ, पुढे जाळी, मागे पत्र्याचा आडोसा, म्हणजे उजेड डोळ्यांवर न येता थेट इंजिनावर. वायरीच्या टोकांना दोन चिमटे, गाडीच्या बॅटरीलाच लावायचे. वीज गेली तरी काम अडायला नको, आणि निशातगंजात वीज जायचीच.

"मूठ तापेल," दयाराम म्हणाला.

"धरून बघा."

दयारामने पेटलेला दिवा हातात धरला. बराच वेळ धरून ठेवला.

"नाही तापत."

"चला, सुटलात एकदाचे!" जगदीश उसनं हसू आणून म्हणाला.

"हाँ, अच्छा झालं."

दिवा गुणाचा निघाला. सुटलेली तार बॉनेट उघडताक्षणी दिसे. गाडीला मात्र काय झालं कोण जाणे, दिवा आल्यापासून ती जास्तच बिघडू लागली. आज प्लग, परवा कॉइल. जगदीश एकटाच तार लावी, बॉनेट पाडी, हात धुई. काम जितकं लवकर संपे तितकी संध्याकाळ खायला उठे. फाटकावरून जाताना दयाराम हात वर करी, पण थांबत नसे. आपण होऊन त्याला हाक मारायचं जगदीशला धाडस होईना.

मग एकदा, त्या लख्ख उजेडात, त्याला वेगळंच दिसलं. तार आपली आपण सुटली नव्हती. तिचा नट कुणीतरी काढून शेजारच्या पत्र्यावर नीट ठेवला होता.

गल्लीत या गाडीची नस न् नस माहीत असलेला दुसरा माणूस एकच. जगदीशच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टॉर्च धरायला नको म्हटलं, त्याचा हा सूड? मग राग ओसरला आणि नुसतं वाईट वाटत राहिलं. एवढ्या मोठ्या शहरात आपलं म्हणावं असं एक माणूस, आणि तेही असं निघावं! पण तोंडावर विचारल्याशिवाय राहायचं नाही, मग बोलणं कायमचं तुटलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीच तो व्हरांड्यात बांबूच्या चिकाच्या पडद्याआड जाऊन बसला. नोव्हेंबरचं धुकं फाटकापर्यंत आलं होतं. थोड्या वेळाने फाटक हळूच वाजलं. डोक्यावरून शाल घेतलेलं कुणीतरी आत आलं, गाडीपाशी थांबलं, सरावल्या हातांनी दोन्ही कड्या काढून बॉनेट उचललं आणि आत वाकलं.

जगदीशने पडदा सारला. रात्रभर घोकलेलं सगळं ओठांवर आलं होतं.

"दयाराम, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती!"

शाल खांद्यावर घसरली. नीलावहिनींनी वळून पाहिलं. त्या दचकल्या नाहीत. हातातला नट त्यांनी पत्र्यावर ठेवला, बॉनेट सावकाश खाली घेतलं आणि काळे झालेले हात पदराला पुसले.

"भाऊ, गाडी परत बिघडली आहे," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी यांना पाठवते."