हवेत न गेलेले निरोप

चिपचा आराखडा चार वाजता कारखान्याकडे जायचा होता आणि तिची सोडून सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या.

ती पुन्हा खुर्चीतून उठली. चाचणीच्या टेबलापर्यंत गेली, आकडे पाहिले, परत आली, बसली नाही. नखाएवढी चिप; तिच्यात तीन रीतींनी बोलणारी तीन जाळी, अँटेना मात्र एकच. वायफायवर सिनेमा चालला होता, ब्लूटूथवर गाणं. तिसरं जाळं हळू बोलणारं, थोडं बोलणारं. त्यावर आजाऱ्याच्या उशाशी ठेवायची घंटा होती. एक यांत्रिक बोट तिचं बटण दर दोन सेकंदांनी दाबत होतं. अहवालात लिहिलं होतं, हरवलेले निरोप : शून्य.

"शून्य म्हणजे शून्य, ताई," पोपट म्हणाला. चाचण्या घेणाऱ्याचं तोंड मिटत नसे, म्हणून सगळे त्याला पोपटच म्हणत. "सही ठोका आणि घरी जा. आई जाऊन पंधराच दिवस झाले, कामावर यायची एवढी काय घाई होती?"

"पोहोचले किती?"

"हरवला एकही नाही म्हटल्यावर सगळे पोहोचलेच की!"

"मोज."

त्यानं मोजले. बटण हजार वेळा दाबलं गेलं होतं. पलीकडे घंटा वाजली होती सहाशे एकेचाळीस वेळा. पोपटानं पुन्हा मोजून पाहिले; तेवढेच भरले.

उरलेले निरोप निघालेच नव्हते. ते तिसरं जाळं बोलण्याआधी कानोसा घेई. दुसरं कुणी बोलत असलं की मागे सरे. थोडं थांबून पुन्हा कानोसा. असं चार-पाचदा झालं की नाद सोडून देई. जे हवेत गेलंच नाही, ते हरवलं म्हणून कोण मोजणार?

साहेब आले ते घड्याळाकडे बघतच. "अगं, काय अडलंय?"

तिनं सांगितलं. कोणी आधी बोलायचं याचा तक्ता बदलायला हवा. चाचणीच्या बोर्डावर तो बदलता येतो; चिपमध्ये एकदा कोरला गेला की संपलं.

"आजची पाळी चुकली तर कारखाना तीन महिने दारात उभं करणार नाही. आणि मागच्या चिपमध्येही हेच होतं ना? आली का कुणाची तक्रार?"

"नाही."

"मग?"

ती खिडकीपर्यंत जाऊन आली. आई फोनवर पहिलं वाक्य बोलायची ते 'कामात आहेस का?' हो म्हटलं की 'बरं बरं, चालू दे तुझं' म्हणून ठेवून द्यायची.

"माझ्या आईचीही कधी तक्रार नव्हती, सर."

साहेबांनी पुढे केलेलं पेन तसंच राहिलं. मग ते खिशात गेलं.

"वर काय सांगू मी?"

"माझं नाव सांगा. सही करत नाही म्हणावं."

बिनसहीचा कागद घेऊन ते फोन लावतच बाहेर पडले. ती पोपटाच्या खुर्चीत बसली. तक्त्यातली शेवटची, घंटेची ओळ उचलून सगळ्यात वर ठेवली आणि बोर्ड पुन्हा सुरू केला.

घंटा वाजली. दोन सेकंदांनी पुन्हा वाजली. पुन्हा. पडद्यावर सिनेमातला नायक तोंड उघडं ठेवून थिजला, मग हलला.

"ताई, चित्र अडकतंय."

"अडकू दे."