आधीचं नाव

"शेवटचं प्रकरण काढून टाक, मी आत्ता सही करतो," सानप सर म्हणाले. पेनाचं टोपण त्यांनी काढलंसुद्धा.

अनुपमा पीएच.डी.चा प्रबंध मांडीवर घेऊन लोणारला त्यांच्या बैठकीत बसली होती. सादर करायची मुदत उद्या संपत होती आणि मार्गदर्शक बदलायची वेळ केव्हाच निघून गेली होती. सहा वर्षांची मेहनत एका सहीवर अडकलेली. पोरीची चांगलीच कोंडी झाली होती.

बावीस वर्षांपूर्वी सरांना बीबी गावाच्या शिवारात तुरीच्या मुळांवर एक बुरशी सापडली. पिवळे, जाड कवचाचे बीजाणू बघून त्यांनी ती नवी जात म्हणून जाहीर केली आणि तिला बायकोचं नाव दिलं, अन्नपूर्णा. त्या एका बुरशीवर सर मोठे झाले. अनुपमाने त्यातलाच एक बीजाणू कुंडीत वाढवला, तर मुळांवर पिवळ्यांबरोबर पांढरे, पातळ कवचाचेही आले; म्हणजे दोन्ही एकाच बुरशीचे. जनुकीय तपासणीनेही तेच सांगितलं. बुरशी जुनीच होती, पांढऱ्या बीजाणूंवरून तिला कधीचंच नाव मिळालेलं होतं. शेवटच्या प्रकरणात तिने तेच लिहिलं होतं. आता खरं बोलायची चोरी!

"सर, पुरावा दोन्हीकडून आहे," ती कशीबशी म्हणाली.

"पुरावा मला शिकवू नकोस."

अन्नपूर्णाबाई चहा घेऊन आल्या होत्या. कप ठेवून त्या तिथेच थांबल्या. "मंग आता काय नाव राहीन तिचं?"

"पहिलं ठेवलेलं, काकू. एकाच जिवाला दोनदा नाव दिलं गेलं, तर आधीचं खरं धरायचं. तसा नियमच आहे."

"तुले काय कराचं हाय त्यातलं?" सर बायकोवर खेकसले. "आत जाय."

त्या हलल्या नाहीत.

"लग्नात यायनं तांदळात बोटानं अन्नपूर्णा लिवलं," त्या अनुपमाला म्हणाल्या. "एकोणीस वर्सं मी सोजरा होती. मले कोनी इचारलं नाई. माय गेली, तवापासून त्या नावानं कोनी हाक बी मारली नाई."

अनुपमाला भडभडून आलं. तिने प्रबंध होता तसा, शेवटच्या प्रकरणासकट, सरांपुढे ठेवला.

अन्नपूर्णाबाईंनी सहीचं पान उघडून दिलं.

"करा सही," त्या म्हणाल्या. "बुरशीले तरी तिचं नाव वापस भेटू द्या."