नुपूरने बदललेली ओळ

मैथिलीने रिसेप्शनवरच्या नुपूरला मुद्दाम कॉन्फरन्स रूममध्ये बोलावून घेतलं होतं. टेबलावर कालगुर्लीच्या खाणीत पाणी उपसणाऱ्या पंपाचा नवा कंट्रोल बोर्ड होता. समोर मॅनेजर श्रीनिवास बसला होता आणि त्याच्या शेजारी सिद्धार्थ. कंपनी यंदा दोघांपैकी एकाचंच नाव पीआरसाठी, म्हणजे इथे कायमचं राहण्याच्या परवानगीसाठी, पाठवणार होती. मैथिलीचा व्हिसा जूनमध्ये संपत होता आणि पॉइंट कुकच्या शाळेत तिचा मुलगा राघव आत्ता कुठे रुळला होता.

बोर्डाला वीज मिळाली की आधी एक छोटा प्रोग्राम जागा होतो आणि कुठली वायर कुठे जोडली आहे ते मशीनला सांगतो. सिद्धार्थने जुन्या पंपांच्या बोर्डांसाठी ही माहिती कोडमध्येच कोंबली होती, थोडी इकडे, थोडी तिकडे. नवा बोर्ड आला की त्याच्याच मिनतवाऱ्या कराव्या लागत. मैथिलीने नव्या बोर्डांसाठी ती सगळी बाहेर काढून एका साध्या फाइलमध्ये मांडली. बोर्ड बदलला तर फाइलमधली ओळ बदला, कोडला हात लावायचं कामच नाही. वर्षभर खपली होती बिचारी त्यावर. तिला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा?

"सेन्सर तीन नंबरवरून सातवर गेलाय," ती नुपूरला म्हणाली. "ती ओळ शोध आणि बदल."

नुपूरने घाबरत घाबरत तीन खोडून सात केलं. बोर्ड सुरू झाला. पडद्यावर पाण्याची पातळी दिसू लागली.

श्रीनिवासने टाळ्या वाजवल्या. "ब्रिलियंट, मैथिली! इतकं क्लीन काम मी कुठेच बघितलेलं नाही."

सिद्धार्थ फोनमध्ये डोकं घालून बसला होता. मैथिलीला त्याची चक्क कीव आली.

"मग नॉमिनेशन सिद्धार्थचं करू या," श्रीनिवास म्हणाला.

तो चेष्टा करतोय असं वाटून ती हसलीसुद्धा.

"अगं, तो गेला तर जुने पंप कोण बघणार? तुझं तसं नाही. तुझ्यावाचून आता काही अडत नाही. इट्स अ कॉम्प्लिमेंट, यार."

"जुने बोर्डही मी फाइलमध्ये आणते," ती घाईघाईने म्हणाली. "मला फक्त थोडा वेळ दे."

"नाही जमायचं," सिद्धार्थने पहिल्यांदा तोंड उघडलं. "अर्धं कुठे लिहिलेलंच नाहीये. माझ्या डोक्यात आहे."

"बघ. हेच म्हणतोय मी." श्रीनिवास उठला. "आणि जायच्या आधी बाकीची फाइल नुपूरला नीट समजावून ठेव, हं. आज आफ्टरनूनला रिकामीच आहे ती."

दोघं कॉफी आणायला गेले. सिद्धार्थने जाताना दार हळूच लावून घेतलं.

नुपूरचा हात अजून कीबोर्डवरच होता. "मैथिलीताई," ती हळूच म्हणाली, "मी चुकायला हवं होतं का गं?"

मैथिलीने पडद्याकडे पाहिलं. पाण्याची पातळी अगदी बरोबर दिसत होती. मग तिने खुर्ची ओढून घेतली.

"खालची ओळ पंपाची आहे," ती म्हणाली. "तीही सोपीच आहे."