तिन्हीसांजेचं दार

नवऱ्याची इन्सुलिनची सुई सुटली, म्हणून कुमुद आधी खूश होती. दिगंबरच्या रक्तात आता उपचार म्हणून सोडलेला, हिवतापाचा माणसाळवलेला जंतू होता. तांबड्या पेशीत घर करून तो आपली प्रथिनं बाहेर धाडायचा, आणि त्याच वाटेने इन्सुलिनही. "ताप नाही, थंडी नाही. गरीब गाय आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.

पण जन्मभर देवधर्माला नाकं मुरडणारा दिगंबर हल्ली रोज तिन्हीसांजेला दारं-खिडक्या सताड उघडायचा. "अगं, लक्ष्मी यायची वेळ आहे," म्हणत उघड्या अंगाने उंबऱ्यात बसायचा. डास नुसते तुटून पडायचे. कुमुद चडफडत एकेक दार लावत फिरायची.

तिच्या मनात पाल चुकचुकली. हे नक्की बोलतंय कोण? तो जंतू आणखी काय काय धाडतोय?

शेवटी एका संध्याकाळी तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"रक्त तपासू उद्या," त्या म्हणाल्या. "तोवर दारं लावून घ्या. डास तुम्हालाही चावत असतील."

"चावतात की," दंड खाजवत कुमुद म्हणाली. "पण तिन्हीसांजेला दार कसं लावायचं हो?"

आणि बोलता बोलता तिने मागच्या दाराचीही कडी काढली.